कट्टरतेवर मीमचा उतारा: मोसुल ते काफ्रनबेल

निळावंती

जुलै २०१४. इराकमधलं मोसुल शहर आयसिस या दहशतवादी संघटनेच्या ताब्यात जाऊन महिनाही झाला नव्हता. शुक्रवारच्या नमाजाला आयसिसचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी तिथल्या अल-नूरी मशिदीच्या मिंबरवर (प्रवचनाच्या उंच आसनावर) चढला आणि जगभरच्या मुसलमानांनी आपली आज्ञा पाळावी असं त्याने फर्मावलं. काळा झगा, काळा फेटा, थांबत थांबत चढलेली एकेक पायरी. शेकडो वर्षांपूर्वीचा खलिफा पुन्हा अवतरलाय असं वाटावं म्हणून सगळा थाट. चित्रफीत बाहेर आली आणि लोकांची नजर गेली ती त्याच्या मनगटावर. झग्याच्या बाहीतून एक महागडं दिसणारं घड्याळ डोकावत होतं. मग त्या घड्याळाची किंमत काय, कंपनी कोणती, यावर टोमण्यांचा आणि चित्रांचा पाऊस पडला.

मला या धाग्यात हेच मांडायचं आहे. मीम बंदूक थांबवत नाही, ते त्याचं कामच नाही. पण आयसिससारख्या संघटनेचं निम्मं बळ तिच्या दराऱ्यात असतं. शिरच्छेदाच्या चित्रफिती, काळे झेंडे, संथ लयीतली गाणी हे सगळं 'आम्ही अटळ आहोत' हे मनावर ठसवण्यासाठी. हसू त्या दराऱ्यावर वार करतं. आणि तो वार सगळ्यात खोल जातो जेव्हा हसणारा माणूस त्याच धर्माचा, त्याच गल्लीतला असतो.

इराकच्या सरकारी अल-इराकिया वाहिनीने सप्टेंबर २०१४ मध्ये आयसिसवर विनोदी मालिका सुरू केली. तेव्हा देशाचा मोठा भाग आयसिसकडे होता आणि बगदादला पोचायला त्यांना फार वेळ लागणार नाही अशी धास्ती होती. पॅलेस्टाइनच्या एका विनोदी कार्यक्रमाने आयसिसची नाकाबंदी दाखवली. बंदूकधारी वाटसरूंना अडवून कुठल्या नमाजात किती रकात (नमाजाची आवर्तनं) ते विचारतात, उत्तर चुकलं की गोळी. याच कार्यक्रमाने पॅलेस्टिनी अधिकाऱ्यांची टिंगल केली म्हणून २०११ मध्ये त्यावर बंदी आली होती, म्हणजे ही मंडळी कुणाचीच बांधील नव्हती. २०१५ च्या रमजानमध्ये एमबीसी वाहिनीवर सौदी नट नासिर अल-कसबी यांनी तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. मुलगा आयसिसमध्ये गेलाय, बाप त्याला परत आणायला सीरियात जातो, आणि शेवटी तोच मुलगा बापाच्या गळ्यावर सुरी ठेवतो. विनोदी मालिकेतला हा भाग बघताना हसू घशात अडकतं. कसबींना ट्विटरवर जीवे मारण्याच्या धमक्या आल्या.

डिसेंबर २०१५ मध्ये बगदादीने ध्वनिफीत काढून मुसलमानांना पुन्हा हाक दिली. नॉर्वेत आश्रय घेतलेले पॅलेस्टिनी कार्यकर्ते इयाद अल-बगदादी (आडनाव तेच, नातं काही नाही) यांनी तिचा इंग्रजी गोषवारा ट्विटरवर टाकला. खाली जगभरच्या मुसलमान पोरांची उत्तरं: आज जमणार नाही, सिनेमाचं तिकीट काढलंय. आई नको म्हणते. थंडी फार आहे. खलिफाच्या हाकेला शाळेला दांडी मारणाऱ्या पोराची कारणं!

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती काफ्रनबेलची गोष्ट. सीरियाच्या इदलिब प्रांतातलं, अंजिरासाठी ओळखलं जाणारं हे छोटं गाव. तिथले कार्यकर्ते राएद फारेस आणि त्यांचे सोबती दर शुक्रवारच्या मोर्चात इंग्रजी-अरबी फलक आणि व्यंगचित्रं घेऊन उभे राहायचे आणि फोटो जगभर फिरायचे. मीमच ते, फक्त कापडावर आणि पुठ्ठ्यावर. त्यांनी तेव्हाचा सीरियाचा सत्ताधीश असदला सोडलं नाही, आयसिसला नाही, बघ्याची भूमिका घेणाऱ्या बड्या देशांनाही नाही. २०१४ च्या सुरुवातीला आयसिसच्या बंदूकधाऱ्यांनी राएदवर गोळ्या झाडल्या. ते वाचले आणि पुन्हा कामाला लागले.

त्यांचं रेडिओ फ्रेश नावाचं केंद्र होतं. २०१६ मध्ये तिथल्या अल-नुसरा या कट्टर सशस्त्र संघटनेच्या लोकांनी हुकूम काढला की रेडिओवर संगीत चालणार नाही आणि बायकांचा आवाजही नाही. फारेस यांनी दोन्ही हुकूम पाळले. संगीताच्या जागी कोंबड्यांचं कॉक-कॉक, बोकडांचं बें-बें, घड्याळाची टिकटिक. बातम्या देणाऱ्या बायकांचा आवाज संगणकातून असा फिरवला की तो पुरुषी, यंत्रासारखा ऐकू यावा. बातमी देणारी बाईच, गावाला ठाऊक, नुसराला ठाऊक, आणि नियम कुठेही मोडलेला नाही. हुकूम किती मूर्खपणाचा आहे हे सांगायला एक शब्द खर्चावा लागला नाही.

२३ नोव्हेंबर २०१८ ला राएद फारेस आणि त्यांचे सहकारी हमूद जुनैद यांना काफ्रनबेलमध्येच गोळ्या घालून मारलं. म्हणून 'मीम म्हणजे टाइमपास' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. सर्वांनी मनमोकळं लिहा, विरोधी मतही हवं आहे.

---

कोकणी_माणूस

लेख आवडला, रेडिओचा किस्सा तर जबरदस्त. तरी एक प्रश्न विचारतो. मोसुल सुटलं ते जुलै २०१७ मध्ये, नऊ महिन्यांच्या लढाईनंतर, रणगाडे आणि विमानं वापरून. घड्याळावरच्या विनोदांनी एक तरी अतिरेकी बंदूक टाकून घरी गेला का? आपण हसून स्वतःची समजूत काढतो असं तर नाही?

---

अनवट

कोकणी_माणूस यांच्याशी बऱ्यापैकी सहमत. निळावंतीताई, तुमच्या लेखात जपान राहिलं, आणि ते उदाहरण अडचणीचं आहे.

२० जानेवारी २०१५ ला आयसिसने चित्रफीत टाकली. नारिंगी कपड्यांत गुडघ्यावर बसवलेले दोन जपानी ओलीस, हारुना युकावा आणि पत्रकार केन्जी गोतो. मध्ये सुरा घेतलेला बुरखाधारी. ७२ तासांत २० कोटी डॉलर द्या. जपानी ट्विटरवर लगेच स्पर्धा सुरू झाली: या दृश्याचं सगळ्यात भिकार कोलाज कोण करतो? सुरा घेतलेल्याच्या जागी कार्टूनमधली पात्रं, हातात कबाबचा सुरा, मागे अंतराळ. हजारो चित्रं. पाश्चात्त्य माध्यमांत काहींनी कौतुकही केलं, की बघा, जपानी घाबरले नाहीत.

पण त्या चित्रांत ते दोघे होते. काहींनी त्यांचे चेहरे बदलले, काहींनी तसेच ठेवले. आधी युकावांचा खून झाला आणि महिना संपताना गोतोंचा. गोतोंच्या आईने मुलाच्या सुटकेसाठी पत्रकारांसमोर हात जोडले होते. त्या माउलीला ही चित्रं कुणी दाखवली असतील तर? दरारा मोडायचा म्हणून सुऱ्याखाली बसलेल्या माणसाला विनोदाचं सामान करायचं, हे मला पटत नाही. मारेकऱ्याची टर उडवा, हजारदा उडवा. पण चौकटीत त्याचा बळी असेल तर हात आवरा.

---

जहीर_मिरज

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषयच असा आहे.

कोकणी_माणूस, तुम्ही विचारता कोण सुधारला. जो गेला तो गेलाच, त्याच्यासाठी हे नाहीच. हे त्याच्या धाकट्या भावासाठी आहे. मे २०१४ मध्ये कल्याणहून चार पोरं यात्रेकरूंच्या जथ्यात बगदादला गेली आणि तिथून आयसिसकडे, हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं. आमच्या घरी तेव्हा आठवडाभर जेवताना दुसरा विषय नव्हता. शिकलेली पोरं होती. मोबाईलवर बघून गेली. मोबाईलवर त्यांना काय दिसलं असेल? घोडे, झेंडे, तलवारी, विजयाची गाणी. त्या वयाच्या पोराला वीर व्हायचं असतं. त्या पडद्यावर शेजारीच कुणी त्याच वीराची फजिती दाखवली असती तर चारातला एखादा तरी थबकला असता, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट धर्माच्या ज्ञानाची. असोसिएटेड प्रेसने २०१६ मध्ये आयसिसची फुटलेली भरतीची कागदपत्रं तपासली. सुमारे ७० टक्के रंगरुटांनी आपलं शरियतचं ज्ञान 'प्राथमिक' असं लिहिलं होतं. बर्मिंगहॅमच्या दोन तरुणांना सीरियात लढायला गेल्याबद्दल २०१४ मध्ये शिक्षा झाली. जाण्याआधी त्यांनी ऑनलाइन काय मागवलं होतं? इस्लामची अगदी नवख्यांसाठी लिहिलेली ओळखपुस्तिका. हे लोक आम्हाला काफिर ठरवणार! यांच्यावर आम्ही हसलो तर धर्मावर हसत नाही. उलट आमच्या आज्ज्या-आजोबांनी जो धर्म आयुष्यभर पाळला त्याची बाजू घेतो.

हसण्याचा हक्क मात्र कुणाचा, हे पाहा. आयसिसवरचा विनोद बगदादचा माणूस करतो तेव्हा मी खदखदून हसतो. तोच विनोद, दाढी-टोपीवर घसरलेला, एखाद्या राजकीय ग्रुपवर येतो तेव्हा मी फोन बाजूला ठेवतो. माझे अब्बा दाढी ठेवतात, टोपी घालतात. त्या चित्रातला माणूस त्यांच्यासारखा दिसतो.

---

निळावंती

अनवट, जपानच्या बाबतीत पूर्ण सहमत. तिथे बळी चौकटीत होता, काफ्रनबेलमध्ये हसणारा स्वतः निशाण्यावर होता. माझ्या मते धाग्यातला सगळ्यात मोठा फरक हाच आहे. जहीरभाई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता इतका तो नेमका आहे.

कोकणी_माणूस, विमानांनी शहर सुटतं हे खरंच. पण ताब्यात असलेल्या शहरांतही लोक जगत होते आणि शेजारच्या गावांतले लोक ठरवत होते की झुकायचं की नाही. तुर्कस्तानात गाझियानतेपला आश्रय घेतलेल्या काही सीरियन तरुणांनी छोट्या विनोदी चित्रफिती काढल्या. एकीत आयसिसचा अमीर (म्होरक्या) आतल्या खोलीत दारू पितो, जॅझ ऐकतो, फोनवर मुलींना सेल्फी पाठवतो. ज्यांना तो अमीर सिगारेट ओढली म्हणून फटके मारतो त्यांनी हे पाहिलं की काय वाटत असेल? आपल्याला कळतंय ते इतरांनाही कळतंय, आपण एकटे नाही. गाझियानतेपही सुरक्षित नव्हतं. आयसिसच्या अत्याचारांवर माहितीपट करणारे पत्रकार नाजी जर्फ यांचा २७ डिसेंबर २०१५ ला तिथेच भर रस्त्यात खून झाला.

---

मिनेसोटावासी

मी अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहतो. इथे सोमाली लोकांची मोठी वस्ती आहे आणि २००७ पासून वीसहून अधिक तरुण इथून सोमालियातल्या अल-शबाब या दहशतवादी संघटनेकडे गेले, नंतर काही आयसिसकडे. त्यामुळे हा विषय आमच्याकडे वर्तमानपत्रापुरता नाही.

दोन प्रयोग शेजारी ठेवून बघा. पहिला अमेरिकन परराष्ट्र खात्याचा. त्यांनी २०१३ च्या अखेरीस इंग्रजीतून ट्विटरवर मोहीम उघडली आणि २०१४ मध्ये एक उपरोधिक चित्रफीत काढली: आयसिसच्या भूमीत या, इथे मशिदी उडवायला शिका, मुसलमानांना सुळावर द्यायला शिका. दृश्यं आयसिसच्याच फितींतून उचललेली. त्यावर शिक्का परराष्ट्र खात्याचा! ज्या पोराला अमेरिकेचा राग आहे म्हणून तो तिकडे ओढला जातोय, त्याला अमेरिकेचं सरकार टोमणे मारणार आणि तो ऐकणार? शिवाय खात्याचे लोक ट्विटरवर जिहादींशी वाद घालत बसले, त्यामुळे ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांना आयतं व्यासपीठ मिळालं. टीका इतकी झाली की पुढे सगळी रचनाच बदलावी लागली.

दुसरा प्रयोग मोहम्मद अहमद या सोमाली माणसाचा. हा पेट्रोल पंपाचा व्यवस्थापक. त्याने 'ॲव्हरेज मोहम्मद' नावाची छोटी कार्टून स्वतःच्या पैशाने सुरू केली. साधं चित्र, साधा आवाज. एकात तो विचारतो, आयसिसमध्ये भरती झालास तर तुझ्या नोकरीचं स्वरूप काय असेल? आणि मग ती कामं एकेक करून वाचून दाखवतो: निरपराधांना मारणं, बायकांवर अत्याचार, देवळं-वास्तू फोडणं. नोकरीच्या जाहिरातीच्या सुरात. लक्ष्य कोण, तर आठ ते सोळा वयाची मुलं, म्हणजे भरती करणारे पोचायच्या आधीची. पंपावर काम करणारा शेजारचा काका बोलतोय, त्यामुळे मुलं ऐकतात. सरकारचा पैसा आणि तंत्र कितीही असो, हा विश्वास त्याला विकत घेता येत नाही.

---

सदाफुली

चर्चा एका बाजूने चालली आहे, म्हणून दुसरी बाजू लिहिते. मीम काही फक्त शहाण्यांच्या हातातलं हत्यार नाही. आयसिसचे पोरगेही मीम करत होते. एके-४७ शेजारी मांजरीची पिल्लं, 'माणूस एकदाच मरतो' असल्या चटकदार ओळी, फाइव्ह स्टार जिहाद म्हणून पोहण्याच्या तलावाचे फोटो. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्याने गोळीबाराआधी थेट प्रक्षेपणात इंटरनेटवर तेव्हा गाजत असलेला एक विनोद म्हणून दाखवला. फेसबुकने पहिल्या २४ तासांत त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती काढून टाकल्या, त्या पसरवणाऱ्यांत हसणारेही होते. अमेरिकेतल्या एका नवनाझी संकेतस्थळाची लेखकांसाठीची सूचनावली २०१७ मध्ये बाहेर आली. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की नव्या वाचकाला आपण गंमत करतोय की खरं बोलतोय हे कळता कामा नये. द्वेष पोटात उतरेपर्यंत पोरं त्याला गंमतच समजतात.

मी शाळेत शिकवते. नववी-दहावीच्या मुलांच्या फोनवर जे 'फनी' म्हणून फिरतं त्यातलं निम्मं कुणाच्या तरी जातीवर किंवा धर्मावर असतं. म्हणून मला मीमचं कौतुक करताना धास्ती वाटते.

---

कोकणी_माणूस

सदाफुली, हाच मुद्दा मला नीट मांडता येत नव्हता. आपल्याकडचंच बघा. जून २०१४, पुणे, हडपसर. थोर पुरुषांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर आली म्हणून दंगल उसळली आणि नमाजाहून परतणाऱ्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावाने मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आरोपी २०२३ मध्ये निर्दोष सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. आपल्या हवेत एक चित्र म्हणजे वाळल्या गवतावरची ठिणगी आहे. सीरियातला राएद फारेस मला वंदनीय वाटतो, पण त्याचं अनुकरण उद्या इथल्या कुणी केलं तर मार तिसराच खाणार. आणि कायदाही आहे. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं पूर्वीचं कलम २९५अ, आता भारतीय न्याय संहितेचं २९९.

---

निळावंती

हडपसरचं लिहिलंत ते बरं केलंत. त्या घटनेची आठवण अजूनही सहन होत नाही.

पण कोकणी_माणूस, दोन्हीकडचं लक्ष्य तपासा. हडपसरच्या वेळी जी चित्रं फिरली त्यांत लोकांच्या श्रद्धास्थानांची विटंबना होती. काफ्रनबेलच्या फलकांवर कुणाचंही श्रद्धास्थान नव्हतं. तिथे होता तो हुकूम सोडणारा माणूस, त्याची बंदूक, त्याचा ढोंगीपणा. राएदने नमाजाची थट्टा केली नाही. नमाज न पढल्याबद्दल फटके मारणाऱ्याची केली. एवढी सीमा सांभाळली नाही तर आपण कट्टरांचंच काम हलकं करतो, कारण 'बघा, हे तुमच्या धर्मावर हसतात' हे सांगायला त्यांना चित्र लागतंच.

आणि ज्याने त्याने आधी आपल्या घरातलं बघावं. गाडगेबाबा कीर्तनात नवसाच्या बोकडावरून, कर्ज काढून केलेल्या सणावरून लोकांना प्रश्न विचारायचे, लोक पोट धरून हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे. बाबा त्यांच्यातलेच होते, हातात झाडू घेऊन गाव झाडून मग कीर्तनाला उभे राहायचे. मी हिंदू घरातली आहे. माझ्या कुटुंबाच्या ग्रुपवर 'धर्म संकटात' म्हणून जी भडक, खोटी चित्रं येतात त्यांच्यावरचा विनोद मी करायचा. तिथे जहीरभाईंनी येऊन करायचा नाही.

---

अनवट

>> ज्याने त्याने आधी आपल्या घरातलं बघावं

याला १०० टक्के अनुमोदन. फक्त एक भर घालतो: घरातल्याने विनोद केला की घरातलेच आधी तुटून पडतात. कसबींवर पहिली आग पाखडली ती त्यांच्याच देशातल्या धर्मोपदेशकांनी, आयसिसची धमकी नंतर आली. तेव्हा अशा माणसाच्या पाठीशी शेजाऱ्यांनी उभं राहायचं. विनोद पुढे ढकलून त्याला आणखी अडचणीत आणायचं नाही, पण त्याच्यावर कुणी धावून आलं तर गप्पही बसायचं नाही. हे आपल्याला जमतं का, याबद्दल मला काळजी आहे.

---

जहीर_मिरज

निळावंतीताई, तुमचं आव्हान स्वीकारतो.

आमच्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात. करणारे कारागीर मुसलमान. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, इथल्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि उरुसाला मोठमोठे गवई त्या दर्ग्यात येऊन गातात. आता या गावातल्या पोरांच्या फोनवर रोज कुणीतरी परदेशी चेहरा येऊन सांगतो की संगीत हराम, फोटो हराम, दर्गा हराम. आणि हे सांगायला स्वतः कॅमेऱ्यासमोर बसतो, मागे सूर लावतो आणि शेवटी म्हणतो लाईक करा. माझ्या भाच्याने मला परवा विचारलं, मामू, नानांचं काम गुनाह होतं का? नाना म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर भोपळे कोरून तंबोरे केले.

मी त्याला व्याख्यान देऊ शकलो असतो. त्याऐवजी आम्ही दोघांनी बसून चित्र बनवलं. वर तो फोटो हराम सांगणारा, चेहरा झाकलेला, हातात सेल्फी स्टिक, मागे तीन दिवे लावलेले. खाली आमच्या गल्लीतलं कारखान्याचं दार आणि आमच्या दखनीत ओळ: 'हजरत, फोटो हराम है तो तीन लाइटां कायकू लगाए?' मशिदीच्या इमामसाहेबांना आधी दाखवलं, ते हसले आणि एवढंच म्हणाले की कुणाचं नाव घालू नका. घातलेलं नाही. आज संध्याकाळी मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकणार आहोत. पुढचं चित्र भाच्याला रेडिओवरच्या कोंबड्यांचं करायचंय, त्यासाठी राएद फारेस यांची गोष्ट मी त्याला आज सांगितली.